कुंकवाची जागा

सुषमानं बनवलेली डिस्क हातात आली की लोक आधी तिच्यावरचं गोल बघतात. वरच्या बाजूला, जिथं नाव छापलंय त्याच्या खाली, आठ आण्याच्या नाण्याएवढं रिकामं वर्तुळ असतं आणि त्याच्या कडेनं बारीक अक्षरांत ‘इथे लावा’ असं लिहिलेलं असतं. काय लावा, ते लिहिलेलं नसतं. ही डिस्क आता दुसऱ्या शाळांतही जाते. मागं दौंड तालुक्यातल्या एका मुख्याध्यापकांनी मला फोन करून विचारलं, की गुरुजी, इथं स्टिकर लावायचं असतं का? मी म्हटलं, स्टिकर नाही हो. पण फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून आता लिहून काढतो.

मी तळेगाव ढमढेरेच्या पुढं एका वाडीच्या शाळेत शिक्षक आहे. शिरूरहून एसटीनं शिक्रापूर आणि तिथून जीप, असं रोज येतो-जातो. सुषमा ह्याच वाडीची, मल्हारीची लेक. मल्हारीची मेंढरं होती तोवर दिवाळी झाली की अख्खं घर कोकणाकडं निघायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. त्यामुळं सुषमाची शाळा वर्षातून अर्धीच झाली. पुढं मल्हारीनं मेंढरं विकली, कांदा लावायला लागला, आणि सुषमानं शिरूरला आयटीआय केलं. आता शिक्रापूरला हायवेच्या कडेला तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. नवरा रविराज दौंडकडचा, कारखान्यात आहे. दोघं तिथंच खोली घेऊन राहतात.

बाईची जीभ म्हणजे कानस. गिऱ्हाईक कॉम्प्युटर घेऊन आलं की ती आधी त्याचं झाकण उघडते, आतली धूळ फुंकते आणि विचारते, ‘‘ह्ये मशीन हाय का गोठा?’’ तरी लोक तिच्याकडंच जातात, कारण काम चोख असतं. मला मात्र ती ओरडत नाही. शिकवलंय तेवढा मान ठेवते.

आमच्या शाळेला एका कारखान्यानं आठ जुने कॉम्प्युटर दिले. मोठा कार्यक्रम झाला. पेढे झाले, फोटो झाला, त्यात मी कडेला अर्धा आलोय. दुसऱ्या दिवशी बटणं दाबली तर एकही चालू होईना. सुषमाला बोलावलं. तिनं झाकणं उघडली आणि हसायला लागली. कॉम्प्युटर आपलं सगळं ज्यात साठवतो ती हार्ड डिस्क एकातही नव्हती. कारखान्याची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी काढून घेतल्या होत्या. त्यांचा नियम असेल, माझं म्हणणं नाही, पण मग हारतुरे घालून ते खोके कशाला आणायचे? मला अशा गोष्टींचा संताप येतो आणि तो मी लपवत नाही.

सुषमा म्हणाली, ‘‘हार्ड डिस्क नसली तरी चालतंय, गुरुजी. समदं एका डिस्कमधी घालून देते. मशीन डिस्कवरनंच जागं व्हतंय.’’

मग तिनं समजावून सांगितलं. कॉम्प्युटर चालायला जे जे लागतं ते सगळं, आणि त्यात आपण निवडलेली कामाची सॉफ्टवेअरं, असं एका डिस्कमध्ये बांधायचं. ती आत टाकली की मशीन तिच्यावरून चालू होतं, दिवसभर काम करतं, आणि बंद केलं की सगळं विसरतं. दुसऱ्या दिवशी परत कोरं. मल्हारी तिथंच बसला होता. तो म्हणाला, ‘‘म्हंजी घोड्यावरचं बिऱ्हाड. जिथं उतरलं तिथं चूल, सकाळी उचललं की जागा मोकळी.’’ इतकं नेमकं मला वर्गात सांगता आलं नसतं.

पहिल्यांदा तिनं हे बिऱ्हाड डिस्कऐवजी पेन ड्राइव्हवर बांधलं. सगळ्या मशीनला एकेक दिला. पंधरा दिवसांत सगळे गायब झाले. कोण नेणार? ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना गाणी भरायला पेन ड्राइव्ह लागतो. शाळेत पडलेला दिसला, नेला, पुसला, गाणी भरली. कारखान्याच्या रस्त्यानं मोठमोठ्यानं वाजत जाणाऱ्या ट्रॉल्या बघून सुषमा म्हणायची, ‘‘त्यो बघा आपला तीन नंबर चाललाय.’’ म्हणून मग चकतीच, गाण्यांची सीडी असते तशी. ट्रॅक्टरमध्ये चकती चालत नाही. पण कोऱ्या चकत्या आता मिळतात कुठं? शिरूरला एक लग्नाच्या शूटिंगवाला होता, त्याच्याकडं जुना गठ्ठा पडून होता. लोक आता लग्न मोबाईलवर मागतात, म्हणून त्यानं तो हसत देऊन टाकला.

डिस्क बांधायचं काम तिनं दुकानात, गिऱ्हाईक सांभाळून केलं. जीप मिळेपर्यंत मी तिथंच बसायचो. फुकट मिळणारी एक हलकी सिस्टीम तिनं घेतली, ती सोडवून पसरली, आणि एकेक सामान बाहेर काढायला लागली. हे पोरांना नको, ते पोरांना नको. मग मराठी टायपिंग आत घातलं, चित्रं काढायचं घातलं, पाढे-गणितं, आकाशातले तारे दाखवणारं एक. परत बांधायचं आणि चालवून बघायचं. पहिल्या खेपेला मराठीच्या जागी नुसते चौकोन आले. दुसऱ्या खेपेला अक्षरं आली तर आवाज गेला. सुरुवातीला जो पडदा येतो त्याला मराठी लिहिताच येत नाही, म्हणून तिनं मराठी अक्षरांचं चित्र काढून ते मागं चिकटवलं. त्या पडद्यावर दोन ओळी होत्या. पहिली ‘सुरू करा’. दुसरी ‘आत उतरवून सुरू करा’. ही दुसरी कशाला, मी विचारलं.

‘‘समदं बिऱ्हाड मशीनच्या डोक्यात, म्हंजी रॅममधी उतरवायचं. मग डिस्क काढून घेतली तरी चालतंय. एक डिस्क दोघांना लागली तर.’’

‘‘आठ मशीनला आठ डिस्क आहेत की.’’

‘‘असू द्या वो.’’

मी म्हटलं, माझ्या शाळेचे तक्ते भरायला पण काहीतरी घाल. रोज एक नवा तक्ता मागतात वरून, जीव नकोसा होतो. ती म्हणाली, ‘‘तुमचे रकाने तुमच्या मोबाईलवर भरा, गुरुजी. मशीनचं डोकं ल्हान हाय. त्यात पोरांचं मावंल तेवढंच.’’ मला राग आला होता. पण डिस्क तशी लहान राहिली म्हणून पुढं निभावलं.

आता खोलीचं सांगतो, कारण सगळा प्रश्न खोलीचा होता. कॉम्प्युटर ठेवले ती खोली झुंबरबाईंनी नवऱ्याच्या नावानं बांधून दिलेली. आतल्या बाजूनं दाराच्या वर संगमरवरी पाटी आहे, ‘कै. म्हस्कू आबा यांच्या स्मरणार्थ’. आबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. झुंबरबाईंना लिहिता-वाचता येत नाही, पण पोरांनी त्या खोलीत शिकावं एवढीच त्यांची इच्छा. त्यांचा मुलगा सर्जेराव शाळा समितीचा अध्यक्ष आणि सोसायटीतही वजनदार. माणूस वाईट नाही, पण बंद पडलेली वस्तू त्याला बघवत नाही. वर्ष झालं तरी मशीन झाकूनच आहेत म्हटल्यावर तो सुषमाला म्हणाला, ‘‘सव्वीस जानेवारीला झेंडा झाला की मशीन चालू दिसली पायजेत. न्हाई दिसली तर दुपारी खताचा ट्रॅक्टर येतोय. पोती ठेवायला जागा न्हाई आमाला.’’

‘‘दिसतील, आप्पा,’’ सुषमा म्हणाली.

‘‘आन् पूजा?’’

नवीन वस्तू पूजेशिवाय आमच्याकडं चालू होत नाही. मोटार असो, मळणी यंत्र असो, मोबाईलही लोक देवापुढं ठेवून मगच सिम घालतात. सुषमा म्हणाली, पूजा झुंबरआजी करतील. झुंबरबाई विधवा. आमच्या वाडीत विधवेच्या हाती कुंकवाचं ताट देत नाहीत. कुणी मनाई करत नाही, पण देत नाहीत. म्हातारी स्वतःच म्हणाली, ‘‘नगं गं. दुसऱ्या कुणाला तरी सांग.’’

‘‘खोली कुणी दिली?’’ सुषमानं विचारलं. ‘‘तुमी दिली. मग ताट काय शेजारणीच्या हातात द्यू? तुमी आला न्हाई तर मी बटणच दाबायची न्हाई.’’

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, भाषणं झाली. सुषमानं आदल्या दिवशी आठही डिस्क आठही मशीनवर चालवून बघितल्या होत्या आणि मग काढून ताटात रचून ठेवल्या होत्या. पोरांनी आपल्या हातानं आत घालाव्यात, अशी तिची हौस. ती कोपऱ्यात वायरी बघत होती, मी बाहेर पोरांच्या रांगा लावत होतो, आणि झुंबरबाई ताटापुढं बसल्या होत्या. इतक्या वर्षांनी चारचौघांत हातात कुंकवाचा करंडा आलेला. त्यांनी पाण्यात कुंकू कालवलं आणि एकेका डिस्कवर बोटानं स्वस्तिक काढलं, हळदीची बोटं ओढली, वर अक्षता टाकल्या. चकचकीत बाजूवर. दुसऱ्या बाजूला मार्करनं नंबर लिहिलेले होते, आणि लिहिलेल्यावर कुणी कुंकू लावतं का? चकचकीत ती समोरची बाजू, हे कुणालाही असंच वाटलं असतं. मलाही.

पण मशीन वाचतं ती नेमकी तीच बाजू.

पोरं आत आली. झुंबरबाईंनी एकेकाच्या हातात एकेक डिस्क दिली. पोरांनी ती शिकवल्यासारखी, चकचकीत बाजू खाली करून आत सरकवली. सुषमानं मेन बटण दाबलं. आठही खोके घरघरले, कुरकुरले, आणि आठही पडद्यांवर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत एकच ओळ आली, की चालू करण्यासारखं काही सापडत नाही.

सर्जेरावची मुलगी तेजश्री पहिल्या मशीनवर बसली होती. तिनं ट्रे उघडला. ‘‘ताई, समदं कुंकू आत उडालंय,’’ ती म्हणाली. ती काही दोष द्यायला बोलली नव्हती, दिसलं ते सांगितलं.

मग दाराशी उभ्या बायकांतून एक आवाज आला, फार मोठा नाही, पण ऐकू येईल इतका. ‘‘तरी म्हटलं व्हतं, ताट दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यायचं.’’

झुंबरबाईंनी ताट टेबलावर ठेवलं. पदर कपाळापर्यंत ओढला आणि त्या बायकांच्या मधून वाट काढत निघून गेल्या. मला त्या वेळी इतकं वाईट वाटलं, की हातातला जिलेबीचा कागद मी तसाच खिशात कोंबला. दिवसभर खिसा चिकट होता.

सुषमाचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता ही बोलणार. ती बोलली. स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन बायकांकडं वळून म्हणाली, ‘‘हात कुणाचा बी असता तरी ह्येच झालं असतं. बाजू उलटी पडली. आन् बाजू कंची ती मी सांगितली न्हाई. आता ज्यांना काम न्हाई त्यांनी उजेड सोडा.’’ पण म्हातारी तोवर फाटकापलीकडं गेलेली. हे तिच्या कानावर पडलंच नाही.

सर्जेराव भिंतीला टेकून उभा होता. ‘‘दुपारी ट्रॅक्टर येतोय,’’ तो म्हणाला. आवाज पडलेला होता. आईचं त्यालाही लागलं असणार, पण तो शब्दाचा माणूस, आणि शब्द सगळ्यांदेखत दिलेला.

डिस्क धुता आल्या असत्या. पण डिस्क जिथं वाचली जाते त्या आतल्या काचेच्या डोळ्यावर ओलं कुंकू उडून बसलं होतं, आठही ठिकाणी. सुषमानं शाळेच्या औषधाच्या पेटीतला कापूस आणि स्पिरिट मागितलं. पहिला ड्राइव्ह उघडला, पुसला, डोळ्यावर ओरखडा निघाला. गेला. दुसरा उघडला. ह्या वेळी तिनं कापसाची वात केली आणि श्वास रोखून पुसला. बाकीच्यांवर कुंकू तोवर वाळून घट्ट बसलं होतं. मग पर्समधून एक डिस्क काढली. ज्या मूळ डिस्कवरून बाकीच्या उतरवल्या होत्या ती. ताटात न गेलेली ती एकच.

मशीन चालू झालं. पडद्यावर तिचं मराठी चित्र आलं आणि त्यातल्या दोन ओळी. तिनं दुसरी निवडली, ‘आत उतरवून सुरू करा’. बिऱ्हाड डोक्यात उतरायला वेळ लागतो. लोक जिलेबी संपवून पांगले. पोरं हलली नाहीत. एकदाची खिडकी उघडली, खाली मराठी टायपिंग दिसलं, आणि सुषमानं डिस्क काढून घेतली. मशीन चालूच राहिलं. मग तिनं तो एकुलता धड ड्राइव्ह सोडवला, शेजारच्या मशीनला लावला आणि परत पहिल्यापासून तेच. माझे तक्ते तिनं आत घेतले असते तर हे डोक्यात मावलं नसतं. हे तिनं मला तिथंच सुनावलं.

दुपारी ट्रॅक्टर फाटकाशी येऊन उभा राहिला तेव्हा सहा मशीन चालू होती. उरलेल्या दोघांपर्यंत तो ड्राइव्ह अजून पोचला नव्हता. सर्जेराव आत आला. ‘‘दोन बंद हायती,’’ तो म्हणाला.

‘‘जोडीनं बसतील पोरं,’’ सुषमा म्हणाली. तिच्या बोटांना कुंकू आणि स्पिरिट लागलेलं. ‘‘बंद दिसत्यात का चालू दिसत्यात, तेवढं सांगा, आप्पा.’’

तेजश्री टाईप करत होती. काय टाईप करावं सुचत नाही तेव्हा पोरं समोर दिसेल ते टाईप करतात. दारावरची पाटी तिच्यासमोर होती. सर्जेराव तिच्या मागं उभा राहिला. वडिलांचं नाव एकेक अक्षर करून पडद्यावर उमटताना त्यानं बघितलं. मग बाहेर जाऊन ड्रायव्हरला म्हणाला, ‘‘माझ्या शेडमधी उतरव पोती.’’

खोली वाचली. पण झुंबरबाई त्यानंतर शाळेकडं फिरकल्या नाहीत. आधी त्या रोज फाटकापर्यंत यायच्या, तेजश्रीचा डबा घेऊन. आता डबा गड्याच्या हाती यायला लागला. वाडीत कुजबूज थोडे दिवस चालली आणि थांबली. पण म्हातारीनं ती मनाशी धरली. संक्रांतीचं हळदीकुंकू चालू होतं, त्यातही कुठं दिसल्या नाहीत. तशा त्या आधीही त्या बायकांत बसत नसत, पण ओसरीवर तरी असत.

सुषमानं महिन्याभरात डिस्कची नवी खेप काढली. ड्राइव्ह नवे टाकले, तेही तिनं कुठल्याशा भंगारातून शोधून आणले. डिस्कच्या वरच्या बाजूला ह्या वेळी छापील कागद चिकटवला होता. मला दुकानात बोलावून ती म्हणाली, ‘‘चला, गुरुजी, आजीकडं जायचंय.’’

झुंबरबाई पडवीत लसूण सोलत बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या, पाणी आणायला निघाल्या. सुषमानं त्यांना खाली बसवलं आणि मांडीवर आठ डिस्क ठेवल्या.

‘‘मला नगं त्यात घालू, पोरी,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘माझा हात लागला की बिघडतंय.’’

‘‘हाताचं काय न्हाई. ह्ये बघा. ही चकचकीत बाजू हाय न्हवं, हिथं मशीन वाचतं. हिला कुणी बी बोट लावायचं न्हाई. मी बी न्हाई. आन् ही वरची बाजू आपली. हिथं जागा सोडलीय.’’ तिनं म्हातारीचं बोट धरून त्या गोलावर टेकवलं. ‘‘कुंकू हिथं. थोडंच लावायचं, वाळू द्यायचं, मग आत.’’

झुंबरबाईंनी त्या गोलावरून बोट फिरवलं. ‘‘ह्ये माझ्यासाठी छापलंस?’’

‘‘व्हय.’’

‘‘आन् ह्ये तवाच का न्हाई सांगितलंस? कंची बाजू ते?’’

‘‘ध्यानातच आलं न्हाई, आजी,’’ सुषमा म्हणाली. ‘‘मला वाटलं समद्यांना ठावं असतंय. लय चुकलं माझं. तुमाला लोकं बोलली ती माझ्यामुळं बोलली.’’

म्हातारी उठून आत गेली आणि करंडा घेऊन आली. घरात देवासाठी असतोच. लसणाची बोटं धुऊन पुसली, आणि करंगळीशेजारच्या बोटानं एकेका गोलात कुंकू टेकवत गेली. गोलाच्या बाहेर एक कणही जाऊ दिला नाही. आठ डिस्क झाल्या. बोटावर थोडं कुंकू उरलं होतं. ती ते पदराला पुसायला निघाली, तेवढ्यात सुषमानं तिच्यासमोर कपाळ वाकवलं.

झुंबरबाईंचा हात मध्येच थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी लसणाकडं बघत राहिलो, डोळे भरले होते म्हणून.

मग त्यांनी सुषमाच्या कपाळावर ते कुंकू लावलं, नीट, दोन भुवयांच्या मध्ये.

‘‘ह्ये बी मशीनच हाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘डोकं लय गरम व्हतंय.’’